ठणक लागण्याआधी : ग्रामीण दंतवैद्यकाची प्रस्तावना, येलदरीच्या निमित्ताने

१९७२ साली कर्करोगविषयक एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात महाराष्ट्रातल्या १,०१,७६१ खेडुतांच्या तोंडांची हकीकत प्रसिद्ध झाली. माणसे पुणे जिल्ह्यातली. काम मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे, त्याचे म्होरके डॉ. फली मेहता, आणि सोबत डेन्मार्कचे मुखरोगतज्ज्ञ येन्स पिंडबोर्ग. भौतिकशास्त्र आणि गणितासाठी नावाजलेल्या या संस्थेत त्या काळी दंतसंशोधनाचा एक विभाग होता, हे आज दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांनाही फारसे ठाऊक नसते. त्या विभागाच्या दंतवैद्यांनी लोक दवाखान्यात येण्याची वाट पाहिली नाही. ते घरोघर गेले. तंबाखू खाता का, कोणत्या रूपात, किती वर्षांपासून, तोंडात कुठे धरता, हे विचारले आणि मग तोंड उघडायला लावून नीट पाहिले. बायकांची तंबाखू बहुतेक मशेरीच्या रूपातली निघाली. गालाच्या आतले पांढरे चट्टे, पुढे ज्यातून कर्करोग होऊ शकतो असे डाग, जवळजवळ सगळे तंबाखूवाल्यांच्याच तोंडात सापडले.

या लाखभर माणसांपैकी बहुतेकांना त्या दिवशी काहीही दुखत नव्हते. माझ्या मते आपल्या विषयाचा उगम इथे आहे. दाढ ठणकायला लागल्यावर माणूस येतो आणि आपण त्याची सुटका करतो, ते काम मोलाचे आहे आणि ते आले नाही तर बाकीचे सगळे फोल आहे. पण ठणक लागण्याआधी ज्याचे तोंड बघायला हवे, तो माणूस आपल्या दारात आपणहून येणार नाही. त्याच्यापर्यंत कसे पोचायचे, त्याला काय सांगायचे, त्याच्यासाठी दवाखाना कसा चालवायचा, याचा पद्धतशीर अभ्यास म्हणजे ग्रामीण दंतवैद्यक. नुकतीच पदवी हातात पडलेले दंतवैद्य, आशाताई, जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक आणि आपल्या गावाच्या आरोग्याची काळजी असलेला कोणीही वाचक या विषयात यावा, म्हणून हे चार शब्द.

उदाहरणासाठी मी येलदरी घेतो. परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यातले, पूर्णा नदीकाठचे हे गाव. १९६८ साली पुरे झालेले धरण आणि त्याच्या पायथ्याचे साडेबावीस मेगावॉटचे वीजघर यांमुळे नाव सगळ्यांना माहीत. परभणी शहर या जलाशयाचे पाणी पिते. पलीकडे सेनगावच्या वाटेला लागले की हिंगोली जिल्हा. दातांच्या दृष्टीने पाहिले तर येलदरीचे वेगळेपण काही नाही, आणि म्हणूनच ते उदाहरण म्हणून उपयोगाचे आहे. मराठवाड्यातल्या शेकडो गावांत जे आहे तेच इथे आहे: सोयाबीन-कापसाची शेती, मजुरी, हंगामाला बाहेर जाणारी कुटुंबे, आणि मोठ्या दवाखान्यासाठी तालुक्याला किंवा परभणीला जाऊन येण्यात मोडणारा दिवस. त्या दिवसाची मजुरी बुडते, म्हणून माणूस लवंगेचे तेल लावतो, मेडिकलमधून गोळी आणतो, आणि गाल सुजेपर्यंत कळ काढतो.

अशा ठिकाणी तोंडाचे आरोग्य समजून घ्यायचे तर पहिला धडा मशेरीचा. तव्यावर किंवा पत्र्यावर तंबाखूची पाने काळी पडेपर्यंत भाजायची, हाताने चुरायची, डबीत भरून ठेवायची. सकाळी चूल पेटवण्याआधी बोटाने ती हिरड्यांवर आणि दातांवर घासली जाते. सुरुवात दात घासण्याच्या नावाने होते, बहुधा आईचे किंवा सासूचे पाहून. मग दुपारच्या कामानंतर एकदा, रात्री निजताना एकदा, आणि पुढे पुढे चिमूट तोंडात तशीच धरून ठेवली जाते. बाईला तुम्ही ‘तंबाखू खाता का’ असे विचारलेत तर ती मनापासून नाही म्हणते. तंबाखू खातात ते पुरुष. ती फक्त दात घासते. त्यामुळे प्रश्न असा विचारावा लागतो: मावशी, दात कशाने घासता? दिवसातून किती वेळा? मशेरी लावली नाही तर पोट साफ होत नाही का, डोके जड होते का? शेवटच्या प्रश्नाला हो आले की समजावे, ही सवय उरली नाही, व्यसन झाले आहे.

मशेरीचे नुकसान तोंडापुरते थांबत नाही. मुंबईतल्या गरोदर बायकांवर झालेला एक अभ्यास २००४ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या, म्हणजे बहुतांशी मशेरी लावणाऱ्या मातांच्या बाळांचे वजन इतरांच्या बाळांपेक्षा सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले. मराठवाड्यात आधीच कमी वजनाची बाळे जन्मतात, तिथे शंभर ग्रॅम म्हणजे थोडे नव्हे. मला हा आकडा फार महत्त्वाचा वाटतो, कारण त्याने दंतवैद्याला अंगणवाडीच्या दारापर्यंत नेले. गरोदर बाईची हिरडी तपासणारा माणूस तिच्या बाळाच्या वजनाबद्दल बोलू शकतो. आणि अनुभव असा, की स्वतःच्या दातांसाठी मशेरी न सोडणारी बाई बाळासाठी सोडायला तयार होते.

पुरुषांकडे तंबाखू-चुना, मावा, गुटखा. महाराष्ट्राने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली. तरी टपरीवर त्याची रूपे बदलत राहिली. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत राज्यातल्या प्रौढांपैकी साधारण चौथा हिस्सा धूरविरहित तंबाखू वापरणारा निघाला, तर ओढणारे चार टक्क्यांच्या आसपास. म्हणजे महाराष्ट्रात तंबाखूचा प्रश्न फुप्फुसाइतकाच, किंबहुना त्याहून जास्त, गालाचा आणि जिभेचा आहे. सुपारीला लोक निरुपद्रवी समजतात. लग्नकार्यात, पाहुणचारात ती पुढे केली जाते, पोरांच्या हातात गोड सुपारीच्या पुड्या असतात. पण नुसती सुपारीसुद्धा, तंबाखू न घालता, कर्करोगकारक आहे असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने वीस वर्षांपूर्वीच दिला आहे.

सुपारीने आधी होतो तो वेगळाच आजार. गालाच्या आतली त्वचा कडक होत जाते, पांढुरकी पडते, आणि तोंड उघडेनासे होते. १९५३ साली मुंबईच्या डॉ. जोशी यांनी या आजाराचे वर्णन करून त्याला ‘सबम्यूकस फायब्रोसिस’ हे नाव दिले. जगभरच्या पाठ्यपुस्तकांत आज ते नाव आहे. या आजाराची पहिली खूण कुठल्याही यंत्रावर दिसत नाही. रोगी सांगतो, ‘डॉक्टर, ठेचा झोंबायला लागलाय.’ बावीस-पंचवीस वर्षांचा तरुण, जन्मभर मिरचीवर वाढलेला, आणि आता आमटीसुद्धा झोंबते. त्याला स्वतःची तीन बोटे उभी धरून तोंडात घालायला सांगा. तीन गेली तर ठीक. दोनच जात असतील तर पट्टीने वरच्या-खालच्या समोरच्या दातांतले अंतर मोजा, मिलिमीटरमध्ये लिहून ठेवा, आणि पुढच्या भेटीत तेच पुन्हा मोजा. सुपारी सुटली तर रोग तिथेच थांबू शकतो; कडक झालेला गाल मात्र पूर्ववत होत नाही. हे त्याला त्याच दिवशी, स्पष्ट सांगावे लागते.

तोंड तपासणे म्हणजे दात मोजणे, असा समज अजून आपल्याकडे पक्का आहे. तेव्हा ती तपासणी कशी करायची ते जरा सविस्तर सांगतो. रोग्याची कवळी असेल तर काढून ठेवायला सांगावे. ओठ उलटे करून आतून पाहावेत, खालचा ओठ विशेष, कारण पुडी तिथे दाबली जाते. मग आरशाच्या काठाने गाल बाहेर ओढून दोन्ही बाजू शेवटच्या दाढेमागेपर्यंत. जिभेचे टोक गॉजच्या तुकड्यात धरून जीभ आधी एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला ओढावी. जिभेच्या मागच्या कडा अशा ओढल्याखेरीज दिसतच नाहीत, आणि दगा बहुधा तिथेच असतो. जीभ वर करायला लावून तिच्याखालची जागा पाहावी आणि एक बोट आत, एक हनुवटीखाली ठेवून चाचपावी. शेवटी टाळू आणि मानेतल्या गाठी. सगळ्याला दोन मिनिटे पुरतात. पांढरा किंवा लाल डाग, घासून न जाणारा. दोन आठवड्यांत न भरलेली जखम. हात लावल्यावर टणक लागणारी कड: यांपैकी एक जरी दिसले तरी रोग्याला तुकडा तपासणीसाठी पाठवायचे, आणि तो खरोखर गेला का हे फोन करून विचारायचे.

ही दोन मिनिटे जीव वाचवतात याचा पुरावा केरळमधून आला. तिरुवनंतपुरम जिल्ह्यात प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी केवळ डोळ्यांनी तोंड तपासण्याची मोठी चाचणी केली. तिचा निष्कर्ष २००५ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू या तपासणीमुळे ३४ टक्क्यांनी कमी झाले. तपासणारे डॉक्टर नव्हते, हे लक्षात घ्या. येलदरीच्या आशाताईला ही तपासणी शिकवता येते, आणि तिने शोधून पाठवलेल्या माणसाकडे त्याच दिवशी पाहणारा एक दंतवैद्य जवळपास असेल तर साखळी पुरी होते. मराठवाड्याला याबाबत शेजारचा आधारही आहे. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाने १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू केली. गावच्या माणसाला कोणता कर्करोग किती होतो, हे अंदाजाने बोलायची गरज त्यामुळे उरली नाही.

आता दातांकडे वळू. दात किडण्याबद्दल लोकांची समजूत पूर्वापार किड्याची आहे. भुईरिंगणीच्या बियांची धुरी देऊन दाढेतला किडा काढणारे लोक बाजारात अजून दिसतात. ही समजूत आपल्यापुरती नाही. बाबिलोनपासून युरोपपर्यंत सगळीकडे ती होती. आपल्या सुश्रुतसंहितेत मुखरोग पासष्ट सांगितले आहेत आणि त्यांत कृमिदंतकही आहे. त्याच परंपरेने बारा अंगुळे लांब, करंगळीएवढ्या जाडीचे दातवण कसे निवडावे हेही सांगितले, आणि लिंब-बाभळीची ती काडी गावातले म्हातारे आजही चावतात. काडी चांगली चावून मऊ कुंचला करून वापरली तर दातांना अपाय नाही. राखुंडी, विटेची पूड, काळे मंजन यांचे तसे नाही. ती दातांची चकाकी घासून नेतात, आणि हिरडीशी दाताला खाच पडते.

कीड म्हणजे खरे काय हे समजायला १८९० पर्यंत थांबावे लागले. विलोबी मिलर या अमेरिकी दंतवैद्याने बर्लिनमध्ये काम करून दाखवले, की तोंडातले जंतू साखरेचे आम्ल करतात आणि ते आम्ल दात विरघळवते. पुढे १९४०च्या दशकात स्टीफन या संशोधकाने मोजून पाहिले: साखर तोंडात गेल्यावर काही मिनिटांतच दातावरची आम्लता धोक्याच्या रेषेपलीकडे जाते आणि पूर्ववत व्हायला अर्धा तास ते तासभर लागतो. लाळ गेलेली खनिजे परत दातात भरत असते. दिवसभर हा जमाखर्च चालू असतो, आणि साखर वारंवार आली तर खर्चाची बाजू वाढत जाते. किती साखर खाल्ली यापेक्षा किती वेळा खाल्ली याला जास्त महत्त्व आहे. चहात बुडवलेला बिस्किटाचा पुडा सकाळी, शाळेच्या सुट्टीत चॉकलेट, संध्याकाळी पुन्हा चहा-बिस्कीट. गूळ-शेंगदाणे खाणाऱ्या पिढीच्या दातांवर ही वारंवारता नव्हती.

लहान मुलांच्या बाबतीत एक गोष्ट मी प्रत्येक पालकाला आणि शिक्षकाला सांगेन, कारण बाकी काही जमले नाही तरी ही जमते. मूल सहा वर्षांचे झाले की तोंडात मागे, दुधाच्या दाढांच्याही मागे, एक नवी दाढ येते. तिच्यासाठी आधीचा कोणताही दात पडत नाही. त्यामुळे घरातल्यांना ती आल्याचे कळतच नाही, आणि कळले तरी ‘दुधाचीच आहे, पडेल’ म्हणून सोडून दिली जाते. ती पक्की दाढ असते, आयुष्यभराची. तिच्या वरच्या भागावर खोल घळी असतात, ब्रश तिथे पोचत नाही, आणि दोन-तीन वर्षांत ती किडून जाते. पहिलीच्या वर्गातल्या प्रत्येक मुलाला आ करायला लावून मागची दाढ पाहणे, तिच्या घळी सीलंटने बुजवणे आणि फ्लोराइडची टूथपेस्ट लावायला शिकवणे, एवढे केले तर त्या मुलाची पुढची पन्नास वर्षे बदलतात. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, त्यापुढे वाटाण्याएवढी. ब्रश भरून पेस्ट लावणे जाहिरातीत शोभते. शाळांतल्या आरोग्य तपासणीचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच पालघरमधून सुरू झाला, आणि तपासायच्या आजारांच्या यादीत दातांची कीड आहे. तपासणी पथक शाळेत आले की दंतवैद्याने त्यांच्यासोबत राहावे.

किडलेला दात वाचवायला मोठी यंत्रेच लागतात असे नाही. १९८०च्या दशकात टांझानियात योहानेस फ्रेंकेन आणि सहकाऱ्यांनी एक पद्धत बसवली, आणि १९९४ साली जागतिक आरोग्य संघटनेने तिचा पुरस्कार केला. ड्रिल नाही, बहुतेक वेळा भुलीचे इंजेक्शन नाही. चमच्यासारख्या टोकाच्या हत्याराने कुजलेला मऊ भाग हाताने खरवडून काढायचा, पोकळी ओल्या बोळ्याने पुसून कोरडी करायची, आणि पूड व द्रव कालवून केलेले ग्लास आयनोमर सिमेंट भरून बोटाने दाबायचे. हे सिमेंट दाताला चिकटते आणि हळूहळू फ्लोराइड सोडते. रोगी तासभर काही खात नाही, झाले. वीज गेली तरी हे काम थांबत नाही. लहान मुलांच्या किडीवर सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइडचा थेंब लावला तर कीड बहुधा थांबते. किडलेला भाग काळा पडतो, हे आईला आधी सांगून, तिची संमती घेऊन लावावे. २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेने फ्लोराइड टूथपेस्ट, हे औषध आणि हे सिमेंट, तिन्हींना अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले. गावच्या दवाखान्याला याहून भक्कम आधार कोणता हवा?

फ्लोराइडचा विषय निघाला की पाण्याकडे यावेच लागते. १९०१ साली अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्जला गेलेल्या फ्रेडरिक मॅके या तरुण दंतवैद्याला तिथल्या लोकांचे दात तपकिरी डागांचे दिसले. तीस वर्षांनी, १९३१ मध्ये, कारण सापडले ते पिण्याच्या पाण्यातले जादा फ्लोराइड. गंमत अशी की ते डागाळलेले दात किडत कमी होते. त्यातूनच पुढे पाण्यात मोजून फ्लोराइड घालण्याची कल्पना निघाली. आपल्याकडे प्रश्न बहुधा उलटा असतो. नांदेडच्या किनवटकडे, यवतमाळच्या काही भागांत विंधनविहिरींच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे; मुलांच्या दातांवर खडूसारखे पांढरे पट्टे आणि पुढे तपकिरी डाग पडतात. भारतीय मानकानुसार लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत चालते, दुसरा स्रोत नसेल तर जास्तीत जास्त १.५. नागपूरच्या नीरी संस्थेने तुरटी आणि चुना वापरून फ्लोराइड कमी करण्याची ‘नालगोंडा’ पद्धत शोधली, तीही आपल्या हाताशी आहे.

येलदरीसारख्या ठिकाणी म्हणून एक सावधगिरी. जलाशयाचे पाणी आणि खोल बोअरचे पाणी एकसारखे नसते. एकाच गावात एका घरी नळाचे, दुसऱ्या घरी वस्तीवरच्या बोअरचे पाणी पितात. त्यामुळे मुलाच्या दातावर डाग दिसला की आधी विचारायचे, पाणी कुठले पिता, आणि दोन्ही ठिकाणचा नमुना जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत पाठवायचा. अहवाल हातात येईपर्यंत गोळ्या-औषधांचा सल्ला द्यायचा नाही. हे काम दंतवैद्याचे नाही असे कोणी म्हणेल. मला वाटते, ते त्याचेच आहे. दातावरचा डाग वाचता येणारा गावात दुसरा कोण आहे?

दवाखाना चालवण्याकडे येऊ. आधुनिक दवाखाना म्हटले की लोकांना चकचकीत खुर्ची आणि भिंतीवरचा पडदा दिसतो. मी आधी ऑटोक्लेव्ह पाहीन. १२१ अंश तापमान, पंधरा पौंडांचा दाब, किमान पंधरा ते वीस मिनिटे, आणि हत्यारे पाकिटात बंद. उकळत्या पाण्यात टाकून काढलेली चिमटी निर्जंतुक होत नाही; कावीळ ब आणि क यांचे विषाणू रक्ताच्या कणातून पसरतात, आणि दात काढताना रक्त येतेच. प्रत्येक रोग्यासाठी हँडपीस वेगळा, आणि ऑटोक्लेव्ह खरोखर मारतो का याची ठरावीक काळाने जंतूंच्या पट्टीने चाचणी. दिवसात आठ रोगी पाहायचे असतील तर हत्यारांचे निदान दहा संच हवेत. संच कमी असले की धुण्याची घाई होते, आणि घाईत चूक होते. काढलेला दात पिवळ्या पिशवीत, सुई पांढऱ्या टणक डब्यात, हातमोजे लाल पिशवीत, काच निळ्या खोक्यात: २०१६च्या नियमांनी ठरवून दिलेले हे वर्गीकरण गावातही तितकेच लागू आहे, आणि कचरा नेणारी गाडी येलदरीपर्यंत किती दिवसांनी येते याची व्यवस्था दवाखाना उघडण्याआधी लावावी लागते. वीज जाईल हे धरूनच कॉम्प्रेसर आणि इन्व्हर्टरचा हिशेब करावा.

पैशाबद्दल बोलायला आपले प्राध्यापक संकोचतात. विद्यार्थी मग दवाखाना टाकल्यावर एकटाच चाचपडतो. गावातला रोगी गरीब असला तरी हिशेबी असतो, आणि त्याला हिशेब आवडतो. रूट कॅनाल आणि कॅपला किती, नुसते सिमेंट भरायला किती, काढायला किती, हे मराठीत कागदावर लिहून द्यावे आणि निवड त्याला करू द्यावी. ‘काढूनच टाका’ हे वाक्य रोज ऐकू येते. तेव्हा दाढ काढल्यावर काय होईल ते सांगायचे: समोरची दाढ खाली उतरेल, शेजारची झुकेल, एका बाजूनेच चावावे लागेल. तरीही तो काढा म्हणाला तर नीट, न दुखवता काढून द्यावी; तो नाराज होऊन गेला तर पुढची दहा वर्षे येणार नाही. जपानने १९८९ साली ऐंशीव्या वर्षी वीस दात शिल्लक असावेत अशी मोहीम काढली. वीस दात असले की माणूस बहुतेक सगळे खाऊ शकतो. आपल्याकडे कसोटी सोपी आहे: साठीतल्या आजीला ज्वारीची भाकरी दुधात न कुस्करता खाता येते का? येत नसेल तर कवळी तिला बसेल अशी करून द्यावी, आणि पुन्हा बोलावून टोचते का ते पाहावे. कवळी खुंटीला टांगलेली दिसली तर दोष आजीचा नसतो.

मधुमेहींसाठी एक नोंद पुरे. हिरड्यांचा जुना आजार साखर वाढवतो आणि वाढलेली साखर हिरड्या पोखरते. हिरड्यांतून रक्त येणाऱ्या चाळिशीपुढच्या प्रत्येकाची रक्तातली साखर तपासायला पाठवावी.

संस्थांचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण वाचकाला आपण कुठे उभे आहोत ते कळावे. देशातले पहिले दंतमहाविद्यालय डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी १९२० मध्ये कलकत्त्यात काढले. मुंबईत नायर रुग्णालयाचे दंतमहाविद्यालय १९३३चे, नागपूरचे शासकीय १९६८चे. मराठवाड्याच्या वाट्याला १९८२ साली औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, शासकीय दंतमहाविद्यालय आले. दंतवैद्यक कायदा १९४८चा. त्याची जागा घेण्यासाठी २०२३ साली राष्ट्रीय दंत आयोग कायदा मंजूर झाला. या सगळ्या काळात दंतवैद्य शहरांत दाटत गेले. परभणीतही दंतमहाविद्यालय आहे. तिथल्या इंटर्नशिपचे काही आठवडे येलदरीसारख्या गावात, शाळा आणि आशाताई यांच्यासोबत काढले तर विद्यार्थ्याला शहरातल्या ओपीडीत न दिसणारे बरेच दिसेल.

सगळ्यात कमी लिहिला गेलेला भाग नोंदींचा आहे, आणि नव्या अभ्यासकाने हात घालावा असा हाच. कागदी कार्ड असो वा मोबाइलमधला तक्ता, त्यात प्रत्येक दाताची अवस्था, तंबाखूचा प्रकार आणि जागा, तोंड उघडण्याचे मिलिमीटर, पिण्याच्या पाण्याचा स्रोत आणि पुढच्या भेटीचा महिना असावा. पुढच्या भेटीचा महिना लिहिताना गावाचे वेळापत्रक डोक्यात हवे. मराठवाड्यातले ऊसतोड मजूर दिवाळीच्या आगेमागे कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळ्यात परततात. त्यांना ‘सहा महिन्यांनी या’ सांगण्यात अर्थ नाही. निघण्याआधी एक तपासणी आणि परतल्यावर एक, अशा त्यांच्या वर्षातल्या दोन वेळा ठरलेल्या. सोयाबीन काढणीत कोणी येणार नाही, आठवडी बाजारादिवशी मात्र आजूबाजूच्या वाड्यांतली माणसे येतील, म्हणून त्या दिवशी दवाखाना संध्याकाळपर्यंत उघडा ठेवावा. उसाच्या फडावर गेलेल्या मुलाची सहाव्या वर्षीची दाढ कोण पाहणार? कारखान्यावर अशा मुलांसाठी चालणाऱ्या साखर शाळेतल्या शिक्षकाकडे त्याचे कार्ड कसे पोचवायचे? पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यालगतच्या दंतवैद्याशी येलदरीच्या दंतवैद्याने बोलायचे तर कोणत्या वाटेने? या प्रश्नांची तयार उत्तरे कुठल्याही पाठ्यपुस्तकात नाहीत. ज्याला या विषयात काम करायचे आहे त्याने इथून सुरुवात करावी: एक गाव घ्यावे, त्यातल्या पहिलीच्या वर्गातल्या मुलांची कार्डे करावीत, त्यांपैकी कोण हंगामाला जाते ते शाळेच्या हजेरीपटावरून काढावे, आणि परतल्यावर तीच दाढ पुन्हा पाहावी.